कोंबडीचं इंजेक्शन नावाची भाकडकथा

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज परत येतोच. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर, आणि कुठल्या तरी काकांकडून तर हमखास. "बॉयलर कोंबडी ४० दिवसांत दोन किलोची कशी होते? हार्मोनचं इंजेक्शन देतात! आपल्या मुलांना काय खायला घालताय?" खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'.

मंडळी, आजचा लेख या मेसेजच्या विरोधात आहे. आणि त्याहून जास्त, तो मेसेज वाचून मान डोलावणाऱ्या आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांच्या विरोधात आहे. काकांचं एक वेळ सोडून द्या. पण दिवसभर लॉग चाळून 'रूट कॉज' शोधणारा, पुराव्याशिवाय एक बगसुद्धा मान्य न करणारा माणूस रविवारी चिकनच्या दुकानापुढे उभा राहिला की डोकं घरी ठेवून येतो. हे काही मला पटत नाही.

मी राहतो सुकापूरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवीन पनवेलला लागून, माथेरान रोडवरचं गाव. आता गाव कसलं म्हणा, बिल्डिंगाच बिल्डिंगा. पण याच रस्त्याने नेरे आणि पुढच्या गावांकडे गेलं की भातखाचरांच्या कडेला लांबट, जाळीच्या भिंतींचे, पत्र्याचे शेड अजून दिसतात. तिथे ब्रॉयलर (हो, 'ब्रॉयलर', बॉयलर नव्हे. बॉयलर कारखान्यात असतो) वाढवतात. शेडमध्ये पाय ठेवायला लागतात पंधरा मिनिटं. फॉरवर्ड करायला लागतो एक सेकंद. त्यामुळे लोक काय निवडतात ते उघड आहे.

आता साधा हिशेब करू. एका शेडमध्ये समजा पाच हजार पक्षी आहेत. बघायला एक जोडपं, फार तर हाताखाली अजून एक गडी. वाढीचं हार्मोन हे स्वतः एक प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर कोंबडीच्या पोटात ते डाळीसारखं पचून जाईल, उपयोग शून्य. म्हणजे टोचायलाच हवं. आणि ते रक्तात फार वेळ टिकत नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा टोचायला हवं. पाच हजार पक्षी, रोज, पाच-सहा आठवडे. कोण टोचणार? आणि किलोमागे दोन-चार रुपयांच्या फायद्या-तोट्यावर चालणाऱ्या धंद्यात त्या इंजेक्शनचे पैसे कोण देणार? पिल्लांना लस देतात हे खरं. राणीखेत नावाच्या रोगाची लस डोळ्यात थेंब टाकून, गंबोरोची पाण्यातून. कुणीतरी ते कधी लांबून पाहिलं असेल, बाकीचं काम कल्पनाशक्तीने केलं.

अफवेला एक जुनं मूळ आहे, तेही सांगतो. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कोंबड्यांच्या मानेत कातडीखाली डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल या हार्मोनची गोळी बसवायची पद्धत सुरू झाली होती. १९५९ मध्ये ती तिथे बंद केली गेली. म्हणजे आपले काका जी ताजी बातमी देतात ती साठ वर्षांहून जुनी आणि दुसऱ्या खंडातली आहे!

मग कोंबडी इतक्या लवकर वाढते कशी? रास्त प्रश्न. उत्तर दोन भागात आहे. पहिला भाग जातीचा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालच्या आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वंश जसेच्या तसे राखून ठेवले आहेत. तिथल्या संशोधकांनी हे दोन्ही आणि २००५ सालची व्यापारी जात एकत्र वाढवली, तिघांना एकच खाद्य दिलं, आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. ५६ दिवसांनी वजनं आली: १९५७ची कोंबडी ९०५ ग्रॅम, १९७८ची १,८०८ ग्रॅम, २००५ची ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, शेड तेच. फरक फक्त पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. शेतकरी चांगल्या कणसाचं बियाणं राखून ठेवतो तेच काम, फक्त अफाट प्रमाणावर आणि आकडेमोडीने. आपल्याकडे हा धंदा उभा राहिला त्यात पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा मोठा वाटा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी तो उद्योग १९७१ साली सुरू केला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेडवर 'व्हेनकॉब' हा शब्द ऐकू येतो तो तिथलाच.

दुसरा भाग खाद्याचा. आणि इथे येतात आजच्या लेखाचे खरे नायक: अमिनो आम्लं.

शाळेत वाचलेलं आठवा. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. वीस प्रकारचे मणी. त्यातले काही शरीर स्वतः बनवतं, काही खाण्यातूनच यावे लागतात. आणि गंमत अशी की एक मणी कमी पडला की माळ तिथेच थांबते, बाकीचे एकोणीस ढिगाने पडलेले असले तरी. छापखान्यात 'ळ'चे खिळे संपले तर 'क'ची पोती भरलेली असून काय उपयोग? टिळक छापता येणार नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर बॉटलनेक. डेटाबेस रखडलाय आणि तुम्ही वेब सर्व्हर वाढवत बसलाय.

कोंबडीचं खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंड. या जोडीत पहिल्यांदा कमी पडतं ते मेथिओनिन. त्यात गंधक असतं, आणि पिसं बनवायला गंधक असलेली अमिनो आम्लं भरपूर लागतात. मग लायसिन, मग थ्रिओनिन, मग व्हॅलिन. हा क्रम जगभरातल्या पशुआहारतज्ज्ञांना तोंडपाठ असतो.

आणि हे आपल्याला काही नवीन नाही हो! वरण-भात म्हणजे दुसरं काय आहे? तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र जेवलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भाकरी आणि पिठलं, तेच. आपल्या आज्यांना अमिनो आम्लांची नावं माहीत नव्हती, पण हिशेब बरोबर होता. कोंबडीच्या खाद्यात हाच हिशेब ग्रॅममध्ये केलेला असतो, एवढाच फरक.

किती घालतात? साधारण टनामागे दोन-अडीच किलो मेथिओनिन. दोन किलोची कोंबडी आयुष्यभरात सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खाते. म्हणजे एका कोंबडीच्या वाट्याला जन्मापासून कापेपर्यंत आलं सात-आठ ग्रॅम. चहाचे दोन चमचे.

आता जरा तुमच्या किचन ओट्यावरच्या त्या मोठ्या काळ्या डब्याकडे वळू. 'बीसीएए' लिहिलेला. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. जिमवरून आल्यावर एक स्कूप, पाच-सात ग्रॅम. कोंबडीला आख्ख्या आयुष्यात जेवढं मेथिओनिन वरून मिळतं, जवळपास तेवढी अमिनो आम्लं तुम्ही एका सकाळी शेकरमध्ये हलवून पिता, वर त्याचा फोटो टाकता. आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहिता, "चिकनमध्ये केमिकल असतं यार." व्हॅलिन हे तुमच्या डब्यातलं असो की कोंबडीच्या खाद्यातलं, रेणू एकच. तुमच्या डब्यावर फक्त पिळदार दंडाचं चित्र जास्तीचं.

"पण ते कृत्रिम असतं ना?" हा पुढचा आक्षेप. बरं, तोही बघू. लायसिन आंबवून बनवतात. साखर किंवा स्टार्च खाऊ घालून कोरायनेबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूकडून. ही विद्या जपानमध्ये १९५०च्या दशकात विकसित झाली. इडलीचं पीठ आंबतं आणि हे आंबतं यात टाकीच्या आकाराचा फरक धरा. मेथिओनिन मात्र बहुतांशी रासायनिक कारखान्यात, पेट्रोलियमपासून निघणाऱ्या कच्च्या मालातून बनतं, आणि त्याच्या वाटेवर हायड्रोजन सायनाइडसुद्धा लागतं. झालं! आता सायनाइडचा मेसेज येणार. पण अहो, मीठ कशाचं बनलंय? पाण्यात टाकला की पेट घेणारा सोडियम आणि युद्धात वापरलेला विषारी क्लोरीन. रेणू कुठल्या वाटेने आला हे तो लक्षात ठेवत नाही. तयार मेथिओनिनमध्ये सायनाइड नसतं, जसं तुमच्या आमटीत क्लोरीन वायू नसतो.

कारखान्यातलं मेथिओनिन म्हणजे डावी-उजवी अशा दोन रूपांचं मिश्रण असतं, हे मी लपवत नाही. नैसर्गिक असतं ते एकच रूप. पण कोंबडीच्या शरीरातली विकरं दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करून घेतात, आणि मग ते स्नायूत जाऊन बसतं. एवढंच नाही, तर ज्या अमेरिकन सेंद्रिय नियमांच्या शिक्क्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात, त्या नियमांतही कोंबड्यांसाठी कृत्रिम मेथिओनिनला मर्यादित परवानगी आहे. कारण त्याच्याशिवाय पक्ष्याचा आहार नीट जुळवणं फार अवघड जातं, हे सेंद्रियवाल्यांनाही कबूल करावं लागलं.

बरं, समजा उद्या आपण म्हटलं, नको ते पावडर-बिवडर, सगळं नैसर्गिक पाहिजे. मग काय होईल? मेथिओनिनची उणीव भरायला जास्तीची सोयापेंड घालावी लागेल. मेथिओनिन कसंबसं पुरेल, पण बाकीची अमिनो आम्लं गरजेपेक्षा जास्त होतील. जास्तीचं प्रथिन शरीरात साठवता येत नाही. पक्षी ते मोडतो आणि त्यातला नायट्रोजन युरिक आम्ल म्हणून विष्ठेत टाकतो. शेडमधल्या तुसात जिवाणू त्याचा अमोनिया करतात. तूस ओलं राहतं, पक्ष्यांच्या तळपायांना जखमा होतात, डोळे चुरचुरतात. पक्ष्यांचे आणि शेडवर राबणाऱ्या बाईचेही. उलट अमिनो आम्लं मोजून घालून खाद्यातलं एकूण प्रथिन एक टक्का जरी कमी केलं तरी विष्ठेतला नायट्रोजन साधारण आठ-दहा टक्क्यांनी घटतो.

हे मी का सांगतोय? कारण पनवेल तालुक्यात आता बिल्डिंग शेडपर्यंत पोचली आहे. आधी शेड होतं, मग सोसायटी आली, मग सोसायटीला वास यायला लागला, मग तक्रारी. वास येतो हे खरंच आहे, नाक कुणालाच बंद करता येत नाही. पण तोच माणूस एका हाताने वासाची तक्रार लिहिणार आणि दुसऱ्या हाताने 'केमिकल खाद्य बंद करा' फॉरवर्ड करणार, हे नाही चालणार. वास कमी करायचं एक हत्यार म्हणजे हेच ते 'केमिकल'.

आता कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घेतोस? अफवाच आहे, सोडून दे. नाही सोडणार. अफवेची किंमत असते आणि ती फॉरवर्ड करणारा भरत नाही. आठवा २०२०चा फेब्रुवारी-मार्च. 'चिकनने करोना होतो' असे मेसेज फिरले. एकही पुरावा नव्हता. दर उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका पोल्ट्रीवाल्याने हजारो कोंबड्या जिवंत खड्ड्यात पुरल्या, कारण खायला घालणं परवडत नव्हतं आणि घ्यायला कुणी नव्हतं. तो व्हिडिओही आपण फॉरवर्डच केला.

आणि अफवेचं दुसरं नुकसान जास्त मोठं आहे: ती खऱ्या प्रश्नाची जागा अडवते. इंजेक्शन, इंजेक्शन ओरडण्यात आपण जे विचारायला हवं ते विचारतच नाही. तर आता तिकडे वळतो.

खरा प्रश्न पहिला: अँटिबायोटिक. हार्मोन नाही, अँटिबायोटिक! कोंबडी आजारी नसताना, नुसती वाढ बरी व्हावी म्हणून खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायची प्रथा जगभर होती. युरोपीय संघाने ती १ जानेवारी २००६ पासून बंद केली. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं. त्याला दाद न देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारं जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचं नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं. आणि आपल्याकडे प्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आली ती जुलै २०१९ मध्ये. साडेतीन वर्षांनी. त्या साडेतीन वर्षांत आपल्या ग्रुपांवर किती मेसेज आले कोलिस्टिनवर? माझ्याकडे एकही नाही. हार्मोनवर ढीगभर.

खरा प्रश्न दुसरा: पिशवीवर काय छापलंय. खाद्याच्या पोत्यावर ठळक आकडा असतो तो 'क्रूड प्रोटीन'चा. हा आकडा प्रत्यक्ष प्रथिन मोजून येत नाही. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. आपल्या धंद्यात कुणी कोडच्या ओळी मोजून पगार दिला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. इथेही तेच झालं. २००७ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलेल्या, पाळीव प्राण्यांच्या खाद्यात वापरायच्या धान्यप्रथिनात मेलामाइन सापडलं. नायट्रोजनने भरलेलं, पोषण शून्य. त्या खाद्याचं उरलंसुरलं तिथल्या कोंबड्यांपर्यंतही पोचलं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच युक्ती बाळांच्या दुधात झाली, सहा बाळं गेली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. म्हणून शेडवाल्याला नुसता क्रूड प्रोटीनचा आकडा नको, पचणारं लायसिन किती, मेथिओनिन किती, औषध कुठलं घातलंय, हे ठळक छापलेलं पाहिजे. करारावर पक्षी वाढवणाऱ्याला पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनी देते. त्याची जागा, वीज आणि घाम. त्याला पैसे मिळतात ते किती खाद्यात किती वजन आलं यावर. म्हणजे ज्या खाद्यावर त्याची मजुरी ठरते त्या खाद्यात काय आहे हे त्यालाच पुरतं कळत नाही. स्पेसिफिकेशन न दाखवता तुमचं अप्रेझल केलं तर तुम्ही चालवून घ्याल का?

खरा प्रश्न तिसरा: ही पावडर विकतं कोण. मूठभर कंपन्या. आणि त्यांचा इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. १९९०च्या दशकात लायसिन बनवणाऱ्या अमेरिकन, जपानी आणि कोरियन कंपन्या हॉटेलांत बसून जगाचा भाव ठरवत होत्या. त्यातल्या अमेरिकेच्या एडीएम कंपनीने १९९६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि लायसिन व सायट्रिक आम्ल दोन्ही मिळून दहा कोटी डॉलर दंड भरला. त्यावर २००९ मध्ये मॅट डेमनचा 'द इन्फॉर्मंट!' हा सिनेमाही आला. मेथिओनिनचीही तीच कथा: २००२ मध्ये युरोपीय आयोगाने डेगुसा कंपनीला ११.८ कोटी युरोचा दंड केला. भारतात ही अमिनो आम्लं मुख्यतः बाहेरून येतात. लातूर-वाशिमचं सोयाबीन आणि परदेशी पावडर यांच्या भावाचं गणित कोंबडीवाल्याच्या गळ्याशी बांधलेलं आहे. २०२१ मध्ये सोयाबीन भडकलं तेव्हा केंद्राने बारा लाख टन जनुकबदल केलेल्या सोयाची पेंड आयात करायला परवानगी दिली. पोल्ट्रीवाले सुटले, सोयाबीनवाले संतापले. दोघांचंही चुकलं नव्हतं. पण यावर बोलायला आकडे लागतात, इमोजी पुरत नाहीत.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. झपाट्याने वाढणाऱ्या जातीचे स्वतःचे त्रास आहेत. पाय शरीराचं वजन पेलत नाहीत, हृदय-फुप्फुसं मागे पडतात, पोटात पाणी होतं. याबद्दल अस्वस्थ वाटणं योग्यच आहे. ज्याला ते सहन होत नाही त्याने चिकन खाऊ नये, किंवा हळू वाढणाऱ्या जातीसाठी जास्त पैसे मोजावेत; मी त्याला हसणार नाही. पण तो प्रश्न जातीचा आणि शेडमधल्या दाटीचा आहे. त्याचं खापर मेथिओनिनच्या डोक्यावर फोडू नका. आणि जास्त पैसे मोजणाऱ्यांनो, रस्त्यालगत टोपलीत रंगीत पिसांची म्हणून जी 'गावठी' मिळते ती दर वेळी गावठीच असते असं नाही. गिरिराज, वनराज या रंगीत जाती विद्यापीठ आणि संशोधन केंद्रांतच तयार झाल्या आहेत. चांगल्या आहेत, काटक आहेत. पण आजीच्या अंगणातल्या नव्हेत.

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला की एवढंच करा. पाठवणाऱ्याला विचारा: कुठल्या हार्मोनचं इंजेक्शन, नाव काय, किंमत काय, आणि पाच हजार पक्ष्यांना टोचतं कोण? उत्तर येणार नाही. मग ज्या ब्रँडचं चिकन तुम्ही ॲपवरून मागवता त्यांना एक मेल टाका. इंग्रजी मेल लिहिण्यात आपल्याला कोण हरवणार! विचारा की वाढीसाठी अँटिबायोटिक वापरता का, तपासणी कुठे होते, अहवाल दाखवता का. दहा जणांनी विचारलं तर कस्टमर केअर टोलवेल. दहा हजार जणांनी विचारलं तर पाकिटावर छापून येईल. त्या दोन चमचे मेथिओनिनला मात्र सोडा. त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही.